परभूमीतील पोढी : जुन्नरचे यवन, ल्हासाचे नेवार आणि आपण

माणूस आपली भूमी सोडून परक्या भूमीत वस्तीस जातो तेव्हा तो सोबत काय नेतो, आणि त्यातील काय टिकते, हा प्रश्न इतिहासाने फारसा विचारलेला नाही. राजांच्या स्वाऱ्या, तह आणि वंशावळी यांची नोंद ठेवणाऱ्या इतिहासाला परमुलखात घर करून राहिलेल्या व्यापाऱ्याची, कारागिराची किंवा उपासकाची चूल दिसत नाही. बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. धम्म ज्या वाटांनी जगभर गेला त्या वाटा मुख्यतः भिक्खू, सार्थवाह आणि कारागीर यांच्या पायांनी पडल्या. त्या वाटांवर परक्यांनी आपले दैनंदिन जीवन कसे घडविले, हे समजल्याशिवाय धम्माच्या प्रसाराचा इतिहास पुरा होत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही दोन स्थळे निवडली आहेत. पहिले आपल्याच पुणे जिल्ह्यातील जुन्नर. दुसरे नेपाळमधील काठमांडूचे खोरे व तेथील नेवार व्यापारी जेथे पिढ्यान् पिढ्या राहिले ते तिबेटचे ल्हासा शहर. पारगाव नावाची गावे जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आहेत. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या या खोऱ्यात राहणाऱ्या बौद्ध बांधवांना जुन्नरची लेणी डोळ्यांसमोरची आहेत. परंतु त्या लेण्यांत कोरलेली परदेशी दात्यांची नावे आपल्यापैकी किती जणांनी वाचली असतील, याविषयी आम्हाला शंका आहे.

जुन्नरचे तीन यवन

कोकणातील कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे प्रतिष्ठान म्हणजे पैठणकडे जाई. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख या मार्गाच्या महत्त्वाची साक्ष देतो. व्यापाराच्या या नाक्याभोवतीच्या डोंगरांत इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढे सुमारे तीनशे वर्षे लेणी कोरली गेली. मानमोडी, शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री व त्यालगतचे डोंगर मिळून येथे दोनशेहून अधिक लहानमोठी लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी असणे ही भारतात दुर्मीळ गोष्ट होय.

येथील ब्राह्मी दानलेखांपैकी तीन लेखांत दाता स्वतःस ‘यवन’ म्हणवितो. शिवनेरी येथील एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे. शिवनेरीवरच दुसऱ्या एका लेखात चित नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दिल्याचे म्हटले आहे. तिसरा लेख मानमोडी डोंगरातील. चंद नावाच्या यवनाने तेथे ‘गभदार’ म्हणजे लेण्याच्या दर्शनी द्वारभागाचे दान केले. इरिल व चित या दोघांच्या नावांपुढे ‘गतानं’ असा शब्द येतो. तो कुलाचा किंवा समूहाचा वाचक असावा. काही विद्वानांनी त्याचा संबंध युरोपातील गॉथ लोकांशी जोडला, परंतु ते मत सर्वमान्य झाले नाही. ‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियन ग्रीकांसाठी आला. पुढे तो पश्चिमेकडून आलेल्या इतर परकीयांनाही लावला जाऊ लागला. म्हणून हे तिघे रक्ताने ग्रीकच होते असा आग्रह धरण्याचे कारण नाही. ते परके होते आणि आपले परकेपण त्यांनी लपविले नाही, एवढे निश्चित.

या तीन लेखांतील नावे पाहावीत. इरिल हे नाव उघडच परदेशी आहे. चित आणि चंद ही मात्र येथील प्राकृत भाषेत सहज मिसळणारी नावे होत. हीच प्रक्रिया कार्ले व नाशिक येथे अधिक स्पष्ट दिसते. कार्ल्याच्या महाचैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिले. त्यांतील एकाचे नाव धम्म, तर दुसऱ्याचे सिहधय म्हणजे सिंहध्वज. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील सतराव्या लेण्यात तर एका घराच्या तीन पिढ्या भेटतात. उत्तरेकडील दात्तामित्री नगराचा रहिवासी, योनक धर्मदेव याचा पुत्र इंद्राग्निदत्त याने आपला पुत्र धम्मरक्षित याच्यासह लेणे, चैत्यगृह व पोढी दान केली. आजोबा धर्मदेव, पुत्र इंद्राग्निदत्त, नातू धम्मरक्षित. इंद्र आणि अग्नी या वैदिक देवतांची नावे धारण करणाऱ्या पित्याने आपल्या मुलाचे नाव मात्र धम्मावरून ठेवले आणि तरीही दानलेखात कुळाची ओळख ‘योनक’ अशीच दिली. नाव बदलले, उगम पुसला नाही.

दानात काय दिले

शिलालेखांच्या अभ्यासात दात्याच्या वंशाची चर्चा फार होते, दानवस्तूची कमी. जुन्नरच्या तीन यवनांनी दिलेल्या वस्तू एकत्र ठेवल्या तर पाणी, जेवणाची जागा आणि दार असे चित्र उभे राहते. ही तिन्ही नित्याच्या उपयोगाची आहेत. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या या डोंगरांवर वर्षाकाळी संघ राही, तेव्हा पावसाचे पाणी साठविणारी पोढी हाच त्या निवासाचा प्राण होता. इरिलच्या दोन टाक्यांतून किती पिढ्यांनी पाणी प्यायले असेल याची गणना कोण करणार?

याच डोंगरांत इतर कोणी काय दिले हेही तपासणे आवश्यक आहे. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य, वत्सगोत्री अयम याने ४६ व्या वर्षी मानमोडीत पोढी व मंडप करविला. हे वर्ष शक संवताचे मानल्यास तो काळ इ. स. १२४ च्या सुमाराचा ठरतो. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचा उल्लेखही जुन्नरच्या लेखांत येतो. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या गृहस्थाचे दान होय. म्हणजे परकीय यवन, शक राजाचा गोत्रवान अमात्य, धान्याचा व्यापारी आणि बांबू विणणारा कारागीर हे सर्व एकाच डोंगरात, एकाच लिपीत, ‘देयधम’ या एकाच शब्दाखाली उभे आहेत. कोणाचे पाणी वर आणि कोणाचे खाली असा भेद त्या टाक्यांत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

ब्राह्मणी ग्रंथांनी याच यवनांकडे कसे पाहिले? पतंजलीच्या महाभाष्यात शक व यवन हे शूद्रांच्या एका वर्गात गणले आहेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवन, शक, कांबोज, किरात इत्यादी लोक संस्कार सुटल्यामुळे व ब्राह्मणांचा संपर्क न राहिल्यामुळे वृषलत्वास गेले असे सांगितले आहे. म्हणजे या व्यवस्थेत परक्याला जागा मिळाली ती पतित म्हणून. संघाची रीत निराळी होती. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात स्वतः तथागत यवन व कांबोज देशांचा दाखला देतात. तेथे आर्य व दास असे दोनच वर्ग असून आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो, मग चार वर्ण जन्मसिद्ध कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. परदेशाचे ज्ञान येथे वर्णव्यवस्थेच्या खंडनासाठी वापरले गेले. अशा परंपरेत यवनाला दाता होण्यासाठी कोणाचा शुद्धिसंस्कार घ्यावा लागला नाही. त्याने टाके खोदून दिले आणि तो उपासकांच्या पंक्तीत आला.

महावंसाच्या परंपरेनुसार तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात धम्मप्रसारासाठी पाठविलेला थेर हा योनक धम्मरक्खितच होता. आपल्या कोकणपट्टीला धम्म सांगणारा पहिला नामनिर्दिष्ट भिक्खू परदेशी वंशाचा होता, ही आठवण सिंहली भिक्खूंनी जपून ठेवली. सोपारा येथे सापडलेले अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे या परंपरेला भूगोलाची जोड देतात.

ल्हासाचे नेवार

आता हिमालयाकडे वळू. जुन्नरचे व नेपाळचे नाते जोडणारा एक दुवा आधुनिक काळातील आहे. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नेपाळमध्ये जाऊन तेथील शिलालेखांचे ठसे घेतले व इ. स. १८८० मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी बर्जेस यांच्यासह त्यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. त्यांत जुन्नरचे लेखही होते. एकाच विद्वानाच्या हातून दोन्ही प्रदेशांचे दगड बोलू लागले.

काठमांडू खोऱ्यातील नेवार लोक हे नामांकित कारागीर व व्यापारी. त्यांची कला परदेशी किती दूर गेली याचे उदाहरण म्हणजे अरनिको. इ. स. १२६० मध्ये हा तरुण शिल्पी ऐंशी कारागिरांच्या तुकडीसह तिबेटात गेला. तेथून तो कुबलाईखानाच्या दरबारी पोहोचला. आज बीजिंगमध्ये उभा असलेला श्वेत स्तूप त्याच्या देखरेखीखाली इ. स. १२७९ पर्यंत पूर्ण झाला. तो मायदेशी परतला नाही. इ. स. १३०६ मध्ये त्याचे निधन चीनमध्येच झाले.

अरनिकोची कथा एका व्यक्तीची. ल्हासाच्या नेवार व्यापाऱ्यांची कथा सबंध समाजाची आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास काठमांडूच्या मल्ल राजाने तिबेटशी केलेल्या करारानंतर ल्हासात नेवारांच्या बत्तीस कोठ्यांना मान्यता मिळाली. तुलाधर, कंसाकार, ताम्रकार इत्यादी बौद्ध कुळांतील पुरुष खेचरांच्या काफिल्यांबरोबर हिमालय ओलांडून तेथे जात आणि वर्षानुवर्षे राहत. जुन्नरच्या लेखातील ‘कासकार’, आपला ‘कासार’ आणि काठमांडूचा ‘कंसाकार’ हे एकाच शब्दाचे तीन अवतार आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

ल्हासात या व्यापाऱ्यांनी आपला नेपाळ उभा केला. मायदेशी गुठी या संस्थेमार्फत पूजा, सण, भोजन व अंत्यविधी चालत. ल्हासात त्याच धर्तीवर ‘पाला’ नावाची मंडळे स्थापून त्यांनी एकत्र पूजा करणे, पंगती घालणे व सण पाळणे चालू ठेवले. घरात नेपाळभाषा, बाजारात तिबेटी. अनेकांनी तेथे तिबेटी स्त्रियांशी संसार केले. इ. स. १८५६ च्या नेपाळ-तिबेट तहानंतर नेपाळी प्रजाजनांना तेथे विशेष हक्क मिळाले आणि अशा विवाहांतील मुलगे नेपाळी व मुली तिबेटी गणल्या जाऊ लागल्या. इ. स. १९५९ नंतर तिबेटची स्थिती पालटली, इ. स. १९६२ च्या युद्धाने कालिंपाँगचा मार्ग बंद झाला, आणि शतकांची ही वस्ती ओसरली.

येथवरची कथा अभिमानाची आहे. परंतु तिला दुसरी बाजू आहे. तिबेटातून परतलेल्या व्यापाऱ्याला मायदेशी पुन्हा जातीत घेण्यासाठी शुद्धिविधी करावा लागे. परभूमीत ज्यांच्या पंक्तीत तो वर्षानुवर्षे जेवला त्यांच्या स्पर्शाचे प्रायश्चित्त त्याने आपल्या घराच्या दारात द्यावे, ही त्या समाजाची रीत होती. कारण खोऱ्यातील बौद्ध समाज तोवर जातींत विभागला गेला होता. शाक्य व वज्राचार्य ही भिक्खूंची परंपरा सांगणारी कुळे वंशपरंपरागत व गृहस्थ झाली होती. विहारांचे ‘बहाल’ झाले आणि त्यांत प्रवेश जन्माने मिळू लागला. इ. स. १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने जातींच्या उतरंडीला राज्याची मोहोर लावली. मूर्ती घडत राहिल्या, सण चालू राहिले, शैली तर बीजिंगपर्यंत पोहोचली. समतेचा विचार मात्र आपल्याच उंबरठ्यावर अडला.

शैली आणि आचरण

या दोन उदाहरणांची तुलना आम्हास बोधप्रद वाटते. जुन्नरच्या यवनांनी कोणती ग्रीक शैली येथे आणली, असे विचारले तर उत्तर जवळजवळ काहीच नाही असे द्यावे लागेल. त्यांच्या टाक्यांवर, मंडपावर किंवा दारावर ग्रीक लिपी नाही. त्यांनी येथली भाषा, येथली लिपी, येथले दानाचे शब्द स्वीकारले. त्यांचे जेवण, वेश, गाणी यांचा मागमूस उरला नाही. परंतु त्यांचे आचरण उरले. नेवारांची शैली टिकली, भाषा टिकली, पंगत टिकली. परंतु जातीच्या कुंपणामुळे धम्माचा गाभा क्षीण झाला.

यावरून शैली जपणे व्यर्थ असे अनुमान कोणी काढू नये. आपली भाषा व आपले सण गमावलेला समाज अनाथ होतो. नेवारांना याची किंमत ठाऊक होती. राणा राजवटीत नेपाळभाषेत लिहिल्याबद्दल कवी चित्तधर हृदय यांना तुरुंगवास भोगावा लागला. त्या तुरुंगातच त्यांनी तथागतांचे जीवनचरित्र ‘सुगत सौरभ’ हे महाकाव्य रचले आणि कपिलवस्तूच्या वर्णनात नेवार घरांतील चालीरीती पेरल्या. शैली ही येथे प्रतिकाराचे साधन झाली. आमचे म्हणणे एवढेच की शैलीला आचरणाचा आधार नसेल तर ती कुंपण होते, आणि आचरण शुद्ध असेल तर शैली बदलली तरी धम्म तग धरतो.

नेपाळमध्ये हे कुंपण मोडण्याचे काम बाहेरून परतलेल्या भिक्खूंनी केले, ही गोष्ट आपल्या इतिहासाशी थेट जोडलेली आहे. इ. स. १९२६ मध्ये काठमांडूहून पाच भिक्खूंना हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी महाप्रज्ञ हे हिंदू कुळात जन्मले होते आणि त्यांचे धर्मांतर कायद्याने गुन्हा होता. पुढे कुशीनारा येथे त्यांनी थेरवादी दीक्षा घेतली ती ब्रह्मदेशातील आराकानात जन्मलेल्या चंद्रमणी महास्थवीरांच्या हस्ते. इ. स. १९४४ मध्ये आणखी आठ भिक्खू हद्दपार झाले. त्याच वर्षी सारनाथ येथे धर्मोदय सभा स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद चंद्रमणी महास्थवीरांकडे आले. हद्दपार भिक्खूंना इ. स. १९४६ मध्ये मायदेशी परतता आले.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की हेच ते महास्थवीर. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थवीर आणि नेपाळच्या हद्दपार भिक्खूंचे आधारस्तंभ एकच होते. धर्मांतर हा गुन्हा मानणाऱ्या राजवटीविरुद्ध ज्यांनी नेपाळी भिक्खूंना आसरा दिला, त्यांच्याच मुखातून आपल्या समाजाने त्रिशरण ऐकले. त्यानंतर महिनाभरात बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेस गेले आणि दि. २० नोव्हेंबर रोजी त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. दि. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्यापुढील प्रश्न

धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांत जे बदल झाले त्यांत नावांचा बदल मोठा होता. सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा ही नावे पाळण्यांत आली, वस्त्यांना व घरांना लुंबिनी हे नाव मिळाले. यवन धर्मदेवाच्या नातवाचे नाव धम्मरक्षित झाले तोच हा मार्ग. बाबासाहेबांनी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे इ. स. १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयास मिलिंद हे नाव मिळाले. हे नाव नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणाऱ्या यवन राजा मिनँडरचे होय. मराठीत मिलिंद म्हणजे भ्रमर असाही अर्थ आहे. तरी नागसेनवनाच्या परिसरात शिकलेल्या विद्यार्थ्यांना त्या नावात शंका विचारण्याचा हक्क ऐकू आला. परका राजा अशा रीतीने आपल्या रोजच्या भाषेत स्थायिक झाला.

आज आपल्या विहारांत ब्रह्मदेशी, थाई व जपानी शैली एकत्र नांदतात. देहूरोड येथे बाबासाहेबांनी दि. २५ डिसेंबर १९५४ रोजी प्रतिष्ठापिलेली मूर्ती ब्रह्मदेशातून आलेली होती. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे विहार जपानी सहकार्याने इ. स. १९९९ मध्ये उभे राहिले. पाटणच्या कारागिरांनी ओतलेल्या धातूच्या मूर्ती घराघरांत दिसतात. आपली मुले नोकरीसाठी परदेशी जात आहेत आणि तेथे जयंती व धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरे करीत आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु मूर्ती, ध्वज व शुभ्र वस्त्रे सोबत नेली म्हणजे धम्म नेला असे मानून चालणार नाही. ल्हासाच्या व्यापाऱ्याजवळही हे सारे होते. पोटजातीचा विचार सोबत नेणारा उपासक जगाच्या पाठीवर कोठेही गेला तरी मुलुकी ऐन पाठीवर घेऊन जातो.

इतिहासाचे जतन हीही याच प्रश्नाची बाजू होय. लेण्याद्रीच्या सर्वांत मोठ्या विहारात आज गणपतीचे देवस्थान आहे, तुळजा लेण्यास देवीचे नाव आहे, मानमोडीच्या लेणीगटांस अंबिका, भूतलिंग व भीमाशंकर ही नावे पडली आहेत. डोंगरांची नावे बदलली तरी दगडातील लेख बदललेले नाहीत. ते वाचता येणे, आपल्या मुलांना ब्राह्मी लिपीची अक्षरे ओळखता येणे, हे जतनाचे पहिले पाऊल आहे. इरिल, चित व चंद यांची नावे वाचणारा उपासक त्या स्थळाचा उगम कोणाच्याही वादाशिवाय सांगू शकतो.

आंबेगाव तालुक्यातील पारगाव येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. पश्चिम महाराष्ट्रातील अशा कारखान्यांच्या परिसरात दर हंगामात दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात आणि फडाच्या कडेला कोपी उभारून राहतात. तेही आपल्या भूमीतील परके आहेत. त्यांना पिण्याचे पाणी, त्यांच्या मुलांना जेवणाची व शिकण्याची जागा आणि विहाराचे उघडे दार मिळते का, असा प्रश्न या परिसरातील प्रत्येक बौद्ध वस्तीने स्वतःस विचारावा. परका म्हणून आलेल्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरांत याच तीन गोष्टी दिल्या होत्या. आज त्या देण्याची पाळी येथल्यांची आहे.